उलटा बसलेला क्राउन

मागच्या महिन्यात वर्कशॉपच्या तासाला आठवीच्या एका कॅडेटने प्रश्न विचारला. आपल्या टेबलावर जीपचा मागचा अ‍ॅक्सल कापून, रंगवून ठेवला आहे, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्यातलं मोठं दातेरी चक्र, म्हणजे क्राउन, हाताने फिरवत तो म्हणाला, "उस्ताद, हा क्राउन चुकून पलीकडच्या बाजूला बसवला तर गाडी उलटी पळेल का?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. आणि दुसरं कारण म्हणजे, ती चूक मी स्वतः एकदा केली आहे. आठवीत असताना नव्हे, तर ईएमईत चोवीस वर्षं गाड्या उघडून आणि जोडून निवृत्त झाल्यानंतर.

त्या तासाला घंटा झाली आणि उत्तर अर्धंच राहिलं. उरलेलं इथे लिहितो. पालकांपैकी ज्यांना दातांची चक्रं आणि शाफ्ट यांत रस नसेल त्यांनी मधला भाग सोडून गोष्टीकडे गेलं तरी चालेल. कॅडेटांना मात्र ती सवलत नाही.

आधी अ‍ॅक्सलच्या पोटात काय असतं ते पाहू. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो, आणि चाकांचा आस आडवा असतो. शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून आडव्या आसाला द्यायचं, हे पहिलं काम. शाफ्टच्या टोकाला एक छोटं चक्र असतं, ते पिनियन. त्याचे दात मोठ्या क्राउनच्या दातांत अडकतात. पिनियनचे दात कमी आणि क्राउनचे जास्त, म्हणून वेग कमी होतो आणि जोर वाढतो. हे दुसरं काम. तिसरं काम वळणावरचं. गाडी डावीकडे वळते तेव्हा उजव्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. परेडवर रांग फिरते तेव्हा बाहेरच्या टोकाचा जवान लांब पावलं टाकतो आणि आतला जवळजवळ जागेवर पाय आपटतो, तसंच. हे तिसरं काम क्राउनला जोडलेल्या पेटीतली छोटी चक्रं करतात, आणि खरं तर डिफरन्शियल हे नाव त्या छोट्या चक्रांचंच आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकू. "डिफरन्शियल उलटा बसला" असं आपण म्हणतो तेव्हा आतल्या छोट्या चक्रांचं काही उलटं झालेलं नसतं. डाव्या आणि उजव्या बाजूची चक्रं सारख्याच दातांची असतात. ती पेटी डावीकडून पाहा की उजवीकडून, तिच्या कामात फरक नाही. फरक पडतो तो एकाच गोष्टीने, क्राउन पिनियनच्या कोणत्या बाजूला आहे त्याने.

का? तुम्ही जातं पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर सुट्टीत आजीला विचारा. दोघी बायका समोरासमोर बसून दळतात. जातं एकाच दिशेने फिरत असतं. पण एकीच्या पुढ्यातली कड दाराकडे सरकत असते त्याच वेळी दुसरीच्या पुढ्यातली कड दारापासून लांब चाललेली असते. फिरणाऱ्या कोणत्याही चक्राच्या समोरासमोरच्या कडा नेहमी एकमेकींच्या उलट जातात. बस, एवढं कळलं की अ‍ॅक्सल कळला.

आता चालकाच्या जागी बसा आणि तोंड पुढे करा. जुन्या गाडीला हँडल मारणारा माणूस समोर उभा राहून हँडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवतो. तुम्ही त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे तुम्हाला इंजिन काट्यांच्या उलट फिरताना दिसणार. सरळ गिअरमध्ये शाफ्ट आणि पिनियनही तसेच फिरतात. म्हणजे पिनियनची डावी कड खाली चालली आहे आणि उजवी कड वर. आता चाकाकडे पाहा. गाडी पुढे जाताना चाकाची पुढची कड वर जाते की खाली? सायकल आठवा. खाली. मग क्राउनचीही पुढची कड खाली गेली पाहिजे, आणि पिनियन तिथेच, क्राउनच्या पुढच्या कडेला येऊन भिडतो. त्याची खाली जाणारी कड डावी. म्हणून क्राउन पिनियनच्या डावीकडे हवा. उजवीकडे बसवलात तर पिनियनची वर जाणारी कड त्याला वर ढकलेल, आणि पहिल्या गिअरमध्ये टाकलेली गाडी मागे निघेल. पुढचे जितके गिअर असतील तितके सगळे मागचे होतील, आणि रिव्हर्स तेवढा पुढचा.

ही कडेची गंमत कळली की लष्करी गाड्यांमधल्या काही गोष्टी आपोआप उलगडतात. जीपचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सल इंजिनाच्या जोरावर चालतात, दोन्हींचं गुणोत्तर ४.८८. मागच्या अ‍ॅक्सलचा पिनियन पुढे तोंड करून असतो. पुढच्या अ‍ॅक्सलचा पिनियन मागे तोंड करून, कारण त्याचा शाफ्ट मधल्या ट्रान्सफर केसमधून पुढे येतो. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या आतड्याला "पीछे मुड" दिलं की पुढचा तयार. पीछे मुड केल्यावर रांगेतला डावा माणूस उजवा होतो, तसा डावीकडचा क्राउन गाडीच्या उजवीकडे येतो. आता पिनियन क्राउनच्या मागच्या कडेला भिडतो आणि ती कड वर जायला हवी असते. पिनियनची वर जाणारी कड उजवी. हिशेब बरोबर जुळला, पुढची चाकंही पुढेच फिरतात. किंमत एवढीच की पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये दातांची पाठ ढकलते, पोट नाही. म्हणून पुढे नंतरच्या काही गाड्यांसाठी पुढच्या अ‍ॅक्सलचे दातच उलट्या वळणाचे कापले गेले.

दुसरं उदाहरण जर्मनांच्या कुबेलवागनचं. बीटल मोटारीचाच हा लष्करी भाऊ, फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीत आखलेला. गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं होतं, आणि कूच करणाऱ्या पायदळाबरोबर माणसाच्या चालीने, ताशी ४ किलोमीटरने, चालता आलं पाहिजे अशी लष्कराची मागणी होती. दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधल्या. मागच्या प्रत्येक चाकापाशी दोन चक्रांची एक जोडी बसवली. अ‍ॅक्सल वर राहिला, चाक खाली, वेगही कमी झाला. पण दोन चक्रं एकमेकांत अडकली की ती उलट दिशांना फिरतात, हे तुम्ही सहावीपासून जाणता. म्हणजे चाकापाशी दिशा उलटली. ती सुलटी करायला क्राउन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला घ्यावा लागतो. युद्धानंतर १९५० पासून आलेल्या फोक्सवागनच्या ट्रान्सपोर्टर गाडीलाही १९६७ पर्यंत चाकांपाशी अशाच जोड्या होत्या. जुन्या गाड्यांचे हौशी लोक त्या ट्रान्सपोर्टरचा दणकट गिअरबॉक्स काढून साध्या बीटलला लावतात. बीटलला त्या जोड्या नाहीत. क्राउन काढून बाजू बदलली नाही, तर त्यांच्या हाती चार रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर असलेली बीटल येते. तेव्हा कॅडेट, तुझ्या प्रश्नावर हसणाऱ्यांना हे सांग.

मात्र आपल्या टेबलावरच्या जीपच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राउन नुसता पलीकडे टाकता येणार नाही. तो हायपॉइड जातीचा आहे. त्यात पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यावर नसून थोडी खाली असते आणि दातांचं वळण त्या खालच्या जागेसाठीच कापलेलं असतं. बाजू बदलायची तर पिनियन तितकाच वर न्यावा लागेल, म्हणजे सगळा अ‍ॅक्सल उताणा करावा लागेल. चूक करायला गेलात तर दातच जुळणार नाहीत. अशा यंत्रांचं मला फार कौतुक वाटतं. माणूस चुकला की ती स्वतःच नकार देतात.

माझ्या वाट्याला आलेलं यंत्र नकार देणारं नव्हतं.

निवृत्तीनंतर शाळेत येण्याआधी दोन वर्षं मी इंदुरात होतो. तिथे एका गृहस्थांकडे जुन्या गाड्यांचा संग्रह होता. मंडळी मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहिलेली, त्यामुळे अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत. त्यांच्याकडे एक फोर्ड मॉडेल टी होती. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त तयार झालेली ही गाडी. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या चिखलात आणि इजिप्तच्या वाळवंटात सैन्याने हिला घोड्यासारखी राबवली. हलकी, उंच चाकांची, आणि कुठल्याही लोहाराला दुरुस्त करता येईल इतकी सरळ.

सरळ म्हटलं खरं, पण चालवायला बसलात तर पहिल्यांदा डोकं फिरेल. तीन पेडल असतात, पण आपल्या ओळखीची एकही गोष्ट तिथे नाही. डावं पेडल तळापर्यंत दाबलं की पहिला गिअर. अर्ध्यावर धरलं की न्यूट्रल. आणि हाताचा दांडा पुढे असताना पाय पूर्ण उचलला की थेट दुसरा, म्हणजे वेगाचा गिअर. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं. हाताचा दांडा मागे ओढला की गाडी न्यूट्रलमध्ये येते आणि मागच्या चाकांचे ब्रेक लागतात. यातली पाय उचलण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

अ‍ॅक्सलचं गणित असं. पिनियनचे दात ११, क्राउनचे ४०, म्हणजे सुमारे ३.६४ ला १. वेगाचा गिअर सरळ, पहिला २.७५ पट, रिव्हर्स ४ पट. गुणाकार केलात तर दिसेल की रिव्हर्समध्येच सर्वांत जास्त जोर, साडेचौदा पटीच्या आसपास. शिवाय बहुतेक मॉडेलांत पेट्रोलची टाकी सीटखाली असे आणि पंप नसे. पेट्रोल आपलं उताराने इंजिनाकडे जाई. उभ्या चढावर इंजिन टाकीपेक्षा वर गेलं की पेट्रोल थांबे. म्हणून त्या काळचे लोक कठीण चढ आला की गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवत. डोंगर पाठमोरा चढणारी ती गाडी आणि मागे मान वळवून बसलेला चालक, हे तेव्हाचं नेहमीचं दृश्य.

आम्ही अ‍ॅक्सल उघडला तो वेगळ्या कारणासाठी. या गाडीच्या पायाच्या ब्रेकची पकड चाकांवर नाही, गिअरबॉक्समधल्या एका ड्रमवर आहे. ब्रेकचा जोर शाफ्ट, पिनियन, क्राउन असा प्रवास करून चाकापर्यंत पोचतो. आता डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना, क्राउनला जागेवर धरून ठेवायला, मूळ कंपनीने पांढऱ्या मऊ धातूचे, बॅबिटचे वॉशर घातलेले असतात. नव्वद-शंभर वर्षांत तो धातू भुसभुशीत होतो. एक दिवस वॉशरचा चुरा होतो, क्राउन बाजूला सरकतो, दात सुटतात, आणि उतारावर पाय ब्रेकवर दाबलेला असतानाही गाडीला थांबवणारं काहीच उरत नाही. म्हणून ही गाडी रस्त्यावर काढण्याआधी जाणकार माणूस अ‍ॅक्सल उघडतो आणि पितळी जातीच्या, ब्राँझच्या वॉशरची जोडी बसवतो. आमचेही जुने वॉशर काढले तेव्हा एकाचे तीन तुकडे हातात आले.

काम करायला मी आणि एक मदतनीस पोरगा. सोळा-सतराचा असेल. हात फार स्वच्छ होता त्याचा. काढलेला प्रत्येक बोल्ट डब्यात, डब्यावर खूण. अ‍ॅक्सलचं कवच दोन अर्धांचं असतं, मधोमध बोल्टांनी जोडलेलं, आणि दोन्ही अर्ध वरवर पाहता सारखेच. वेगळे करण्याआधी त्याने खडूने एका अर्धावर अक्षर लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी एका रॅलीत जायची होती. शनिवारची संध्याकाळ, दिवे लागले होते, मालक दर अर्ध्या तासाने डोकावून जात होते. मी शाफ्टच्या टोकाकडे, म्हणजे गाडीची पुढची बाजू असते तिकडे उभा होतो. समोर दोन अर्ध. माझ्या डाव्या हाताच्या अर्धावर पुसट झालेलं खडूचं अक्षर. मी ते वाचलं "डा". डावी बाजू. पुसट आहे म्हणून ऑइलपेंटचा ब्रश घेऊन त्यावर ठळक "डावी" लिहून टाकलं, आणि क्राउन त्या अर्धात बसवला.

पोरगा हिंदी शाळेत शिकलेला. त्याने लिहिलं होतं "दा". दायाँ. उजवी.

त्यात मी गाडीकडे तोंड करून उभा, म्हणून माझी डावी ती गाडीची उजवी. दोन चुका एकमेकींना साक्ष देत होत्या आणि मला वाटलं सगळं जुळतंय. नोकरीत आम्ही अशा खुणा इंग्रजी एल आणि आर अशा करायचो आणि बाजू नेहमी चालकाच्या जागेवरून धरायचो. चोवीस वर्षं इतरांना हेच शिकवलं होतं.

अ‍ॅक्सल बंद केला. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. गुळगुळीत फिरला, दातांचा आवाज नाही, चाल बेताची. एक चाक धरलं तर दुसरं फिरलं. छान. फिरतं का, हे मी पाहिलं. कोणत्या दिशेला, हे पाहिलं नाही.

अ‍ॅक्सल गाडीखाली चढवला, चाकं घातली, तेल भरलं. मग मी त्या पोराला स्टुलावर बसवलं, गाडीच्या मागे, दोन हातांवर, हातात टॉर्च देऊन. गाडी पुढे निघाली की अ‍ॅक्सलच्या जोडातून तेल गळतं का ते बघ म्हणालो. तिथे तो स्वतःहून बसला नव्हता. मी बसवला होता.

इंजिन चालू झालं. डावं पेडल अर्ध्यावर धरून दांडा पुढे टाकला आणि पेडल तळापर्यंत दाबलं. गाडी मागे सरकली. चोवीस वर्षांत कुठल्याही गाडीने मला असं केलं नव्हतं, आणि घाबरलेला पाय जे करतो तेच माझ्या पायाने केलं. तो पेडलवरून उचलला गेला. मॉडेल टीमध्ये पाय उचलणं म्हणजे वेगाचा गिअर. गाडीने मागे उडी घेतली. स्टूल मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझा हात दांड्यावर कधी गेला मला आठवत नाही, पण दांडा मागे आला, इंजिन गुदमरून बंद पडलं, आणि मग सगळीकडे शांत.

खाली उतरून मागे जायला चार पावलं लागतात. ती चार पावलं मला अजून आठवतात.

पोरगा भिंतीला पाठ लावून उभा होता. पहिल्या सरकण्यालाच त्याने उडी मारली होती. पोटरीवर खरचटलं होतं, बाकी काही नाही. स्टुलाचे दोन पाय चाकाखाली होते. टॉर्च अजून त्याच्या हातात, चालू.

गाडी भिंतीपासून काढायला मी पुन्हा इंजिन चालू केलं, आणि यावेळी मुद्दाम मधलं, रिव्हर्सचं पेडल हळूच दाबलं. गाडी शांतपणे पुढे आली. तेव्हा काय झालंय ते मला पुरतं कळलं.

आवाज ऐकून मालक आले. काय झालं ते पाहून त्यांनी आधी पोराची विचारपूस केली आणि मग त्याच्यावरच ओरडले. "निशान तूने लगाए थे ना? उलटा लगवा दिया!" पोरगा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "उद्या उघडून बघू." एवढंच. गाडी मी जोडली, मी चालवली, त्याला मागे मी बसवला, आणि मी म्हणालो उद्या बघू. मालक म्हणाले, रॅलीला आता गाडी उलटीच न्यावी लागेल, आणि स्वतःच हसून आत गेले. पोरगा मोडलेलं स्टूल उचलून, पाय धुऊन, घरी गेला.

त्या रात्री झोप लागली नाही हे लिहायला नको. आधी मला वाटत होतं की खूण खरंच त्याने चुकवली असेल. मग आठवलं की खूण त्याची होती, पण तिच्यावरचा रंग माझा होता.

सकाळी सातला मी मालकांच्या ओट्यावर गेलो आणि सांगितलं की चूक माझी, खूण बरोबर होती की नाही ते अजून मला ठाऊक नाही, पण मी विचारलं नाही आणि दिशाही तपासली नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे त्यालाही सांगा." ते आले आणि माझ्याबरोबर शेडमध्ये उभे राहिले.

पोरगा वेळेवर आला होता. मी त्याच्या मालकासमोर सांगितलं. नंतर विचारलं, तू काय लिहिलं होतंस? त्याने खडू घेतला आणि जमिनीवर लिहिलं, दा. "दायाँ, उस्ताद. ड्राइवर का दायाँ." मग मी विचारलं की मी त्यावर रंग लावत होतो तेव्हा बोलला का नाहीस. तो म्हणाला, "आप मराठी में कुछ लिख रहे थे. मैंने सोचा, उस्ताद हैं, ठीक ही होगा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अ‍ॅक्सल पुन्हा उतरवायला दुपार झाली. रॅली शहरातून कधीच निघून गेली होती. लांबून बँडचा आवाज आला तेवढाच. रंग खरवडून काढला आणि पोराने पंचने ठोकून एका अर्धावर एल, दुसऱ्यावर आर उमटवला. क्राउन एल च्या अर्धात बसवला, बोल्टांना तार ओवली. कवच बंद करण्याआधी तो स्वतःच म्हणाला, आता दिशा पाहू.

तेव्हापासून मी जी पद्धत पाळतो आणि तुम्हालाही पाळायला लावतो ती त्या दुपारची आहे. अ‍ॅक्सल गाडीखाली जाण्याआधी लोखंडी घोड्यांवर ठेवायचा, गाडीत जसा असतो तसा, वर ते वर आणि पुढे ते पुढे. एका चाकावर, समोरच्या कडेला, खडूची रेघ मारायची. एकाने शाफ्टसमोर उभं राहून तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, हँडल मारतात तसा फिरवायचा. दुसऱ्याने चाकाकडे पाहून मोठ्याने सांगायचं, रेघ खाली की वर. हे ज्याने अ‍ॅक्सल जोडला त्याने सांगायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं. कुबेलवागनसारख्या, चाकांपाशी चक्रांची जोडी असणाऱ्या गाडीत नुसता क्राउन न पाहता शेवटच्या चाकाची रेघ पाहायची. आणि गाडी पहिल्यांदा चालू करताना मागची चाकं जमिनीवरून उचललेली असली पाहिजेत, आणि तिच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहता कामा नये. तेल गळतं का ते नंतर बघता येतं.

त्या दुपारी शाफ्ट मी फिरवला. पोरगा चाकापाशी उकिडवा बसला होता. रेघ हलली.

"नीचे," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, मराठीत, "खाली."